डोमिसाईल आहे, पण बारावी कुठून केली? कोल्हापूरकरांसाठी एमबीबीएस प्रवेशाचा वाटाड्या

नीटचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा असते: एवढ्या मार्कांवर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला, नंबर लागेल का? पण मार्क बघण्याआधी एक चाळणी असते आणि ती बऱ्याच जणांना कागदपत्रे अपलोड करतानाच कळते. प्रवेशाच्या नियमांत तुम्ही कुठल्या राज्याचे धरले जाता, ही ती चाळणी. कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण कागलच्या पुढे कर्नाटक सुरू होते, चंदगडला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते आणि निपाणीची निम्मी मुले शिकवणीला कोल्हापुरात असतात. नकाशावरची रेघ रोजच्या व्यवहारात कुणी मोजत नाही. प्रवेशाच्या यादीत मात्र ती मोजली जाते.

आधी जागा कुणाच्या हातात आहेत ते बघा

सगळ्या जागांना अधिवासाची, म्हणजे डोमिसाईलची, अट नसते. म्हणून मुलगा कुठल्या जागेसाठी लढतोय हे आधी ठरवावे लागते.

सरकारी महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातल्या असतात. त्या दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी भरते. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या, आणि त्या मुंबईचा राज्य सीईटी कक्ष भरतो. कोल्हापूरचे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे नुसते सीपीआर म्हणतात, तिथे १५० जागा धरल्या तर २२-२३ जागांवर देशातला कुणीही येऊ शकतो. बाकीच्या सव्वाशेच्या आसपास जागांसाठी महाराष्ट्राची पात्रता लागते. मिरजेचे शासकीय महाविद्यालयही याच नियमात.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत, उदाहरणार्थ इस्लामपूरच्या प्रकाशमध्ये, ८५ टक्के जागा राज्याच्या आणि १५ टक्के संस्थात्मक कोट्याच्या असतात. एनआरआय जागा या दुसऱ्या भागात येतात. संस्थात्मक कोट्याला अधिवास लागत नाही, पैसा लागतो.

अभिमत (डीम्ड) विद्यापीठांत अधिवासाचा संबंधच नाही. कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील, कराडचे कृष्णा, सांगलीचे भारती विद्यापीठ यांचे प्रवेश एमसीसीकडून होतात. बावड्यात जन्म गेला म्हणून डी. वाय.मध्ये अर्ध्या मार्काचीही सवलत नाही, आणि बिहारच्या मुलाला तिथे काही कमी पडत नाही. फी भरायची ताकद आणि नीटचा क्रमांक, दोनच गोष्टी.

घरातल्या थोरल्यांच्या डोक्यात अजून ७०:३० चा हिशेब असतो: आपल्या विभागातल्या मुलांना ७० टक्के, बाकीच्या महाराष्ट्राला ३० टक्के. तो नियम २०२० मध्ये रद्द झाला. आता राज्य कोट्यात लातूर, नागपूर, कोल्हापूर अशी विभागणी नाही. सगळ्या राज्याची एक गुणवत्ता यादी. त्यामुळे ‘कोल्हापूर जिल्ह्याचा रहिवासी’ ही वेगळी पात्रता राहिलेली नाही.

८५ टक्क्यांच्या दाराला दोन कुलपे

पहिले कुलूप अधिवासाचे. मुलगा महाराष्ट्राचा अधिवासी असला पाहिजे आणि त्याच्या स्वतःच्या नावाचा दाखला असला पाहिजे. वडिलांचे डोमिसाईल चालत नाही.

दुसरे कुलूप शिक्षणाचे, आणि घोटाळे इथेच होतात. दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण असाव्या लागतात. बोर्ड कुठले याला महत्त्व नाही. राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई काहीही चालेल. संस्था महाराष्ट्राच्या हद्दीत हवी. करवीर तालुक्यातल्या उचगावच्या सीबीएसई शाळेतून दहावी-बारावी केलेला मुलगा पात्र, आणि सात पिढ्या करवीरच्या असून बारावी बेळगावातून केलेला अपात्र.

याचा सर्वांत मोठा फटका तीन प्रकारच्या मुलांना बसतो.

पहिला प्रकार राजस्थानातल्या कोटा शहरात जाणाऱ्यांचा. शिकवणीसाठी राजस्थानात जाणे आणि बारावीला तिथल्या शाळेत नाव घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवणी कुठेही लावा, पण बारावीचा परीक्षेचा अर्ज तिथल्या शाळेतून गेला की महाराष्ट्राचा ८५ टक्के कोटा हातातून गेला. क्लासवाले ‘शाळेचं आम्ही बघतो’ म्हणतात तेव्हा शाळा कुठल्या गावची, हे लेखी विचारून घ्या.

दुसरा प्रकार चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागातल्या मुलांचा. बेळगावची कॉलेजे चांगली, एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येते, म्हणून दहावीनंतर तिकडे पीयूसीला, म्हणजे कर्नाटकच्या अकरावी-बारावीला, घालतात. इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी करायची असेल तर त्यात वावगे नाही. मेडिकलचा विचार पाच टक्के जरी असेल तरी अकरावी गडहिंग्लज, कोल्हापूर नाहीतर चंदगडलाच घ्यावी.

तिसरा प्रकार बदलीच्या नोकरीतल्यांच्या मुलांचा. यांना नियमात वाट दिली आहे. केंद्र सरकारच्या किंवा केंद्राच्या उपक्रमातल्या कर्मचाऱ्याची महाराष्ट्रात बदली झाली असेल, तर मुलाची दहावी बाहेरची चालते. बारावी मात्र इथलीच लागते. बदलीचा आदेश आणि रुजू झाल्याचा कार्यालयाचा दाखला, दोन्ही जोडावे लागतात. नुसते ओळखपत्र लावून अनेक अर्ज अडकतात. फौजेतल्यांसाठी वेगळे गट आहेत: महाराष्ट्राचे अधिवासी माजी सैनिक डी-१, सेवेतले अधिवासी सैनिक डी-२, आणि बाहेरचे पण महाराष्ट्रात बदलून आलेले डी-३. आपल्याकडे गावोगाव फौजी घरे आहेत, त्यामुळे हा रकाना रिकामा सोडू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आधी घ्या, आणि कुठली परीक्षा बाहेरची चालते ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून शब्दन् शब्द वाचा. मागच्या वर्षी शेजारच्याला चालले, हा पुरावा नाही.

सीमाभाग: इथे नियम उलटेही वळतात

निपाणी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यासह जी ८६५ गावे महाराष्ट्राने आपल्या दाव्यात धरली आहेत, तिथल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र वर्ग आहे. पुस्तिकेत तो ‘एमकेबी’ (महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग) या अक्षरांनी येतो. या मुलांना महाराष्ट्राचा अधिवास नसतानाही त्यांच्यासाठी ठेवलेल्या जागांवर अर्ज करता येतो. जागा थोड्या असतात. पण अर्ज करणारेही थोडे असतात, कारण अनेकांना हा रकाना आहे हेच माहीत नसते.

लागणाऱ्या गोष्टी दोन: गाव यादीत असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला. दोन्ही पुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच हवेत. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर ‘सदर विद्यार्थी मराठी भाषिक आहे’ असे सरपंचांनी लिहून दिलेले पत्र कुणी धरत नाही. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा ‘कन्नड’ पडली असेल तर दहावीच्या आधी शाळेतून ती दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर हे काम फार किचकट होते.

निपाणीच्या पालकांची नेहमीची चूक अशी: दहावी निपाणीत, मग अकरावी-बारावी कोल्हापुरात, आणि समजूत अशी की बारावी महाराष्ट्रातली म्हणून आता राज्य कोटा मिळेल. मिळत नाही. दहावी बाहेरची आहे. अशा मुलाची वाट एमकेबीतूनच जाते.

दुसऱ्या बाजूला कर्नाटकची मोजपट्टी वेगळी आहे. तिथे पहिली ते बारावीपैकी किमान ७ वर्षे कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेले असणे आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा तिथून उत्तीर्ण असणे, असा नियम कर्नाटकची प्रवेश आणि परीक्षा घेणारी संस्था, केईए, लावते. नापास होऊन एकाच इयत्तेत दोन वर्षे काढली तरी मोजताना एकच वर्ष धरतात. म्हणजे निपाणीत दहावीपर्यंत शिकून कोल्हापुरात बारावी केलेले मूल कर्नाटकच्या पट्टीवर बसू शकते. आणि आपल्याकडच्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: कर्नाटकच्या नियमांत ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणून एक कलम आहे. त्यात महाराष्ट्रातले जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि आपले गडहिंग्लज हे तालुके येतात. मातृभाषा कन्नड, तुळू किंवा कोडवा असलेल्या तिथल्या मुलांना केईएची कन्नड भाषेची परीक्षा देऊन अर्ज करता येतो. गडहिंग्लजच्या पूर्व भागातल्या कन्नडभाषक घरांनी हे जरूर तपासावे.

मात्र एक गोष्ट करू नका. दोन राज्यांत ‘मी इथलाच कायम रहिवासी’ असे शपथेवर लिहून देऊ नका. पात्रता शिक्षणावर असेल तर शिक्षणाचे कागद द्या, अधिवासाचे प्रतिज्ञापत्र एकाच राज्यात द्या. नंतर पकडले गेले तर मिळालेला प्रवेश रद्द होतो, आणि तोवर वर्ष गेलेले असते.

दाखला काढायचा तो असा

गावातला तलाठी किंवा ग्रामपंचायत देते तो ‘रहिवासी दाखला’. प्रवेशाला लागतो तो ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’, तहसीलदार कार्यालयातून, सहीशिक्क्याचा किंवा डिजिटल सहीचा. पहिला कागद दुसऱ्यासाठी पुरावा म्हणून लागू शकतो, पण त्याच्या जागी चालत नाही. आधार कार्डावर कोल्हापूरचा पत्ता आहे म्हणून अधिवास सिद्ध होत नाही.

कोल्हापूर शहरात राहणाऱ्यांचा तालुका करवीर. बाकीच्यांनी आपापल्या तालुक्याला. सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करता येतो, आणि घरबसल्या आपले सरकार संकेतस्थळावर महसूल विभागाच्या सेवांमधूनही. घरून करणार असाल तर मापे आधी नीट करा: फोटो १६० बाय २०० पिक्सेल, ५ ते २० केबी, कागद प्रत्येकी ७५ ते ५०० केबी. मोबाईलने काढलेला ३ एमबीचा फोटो चढत नाही, आणि फार दाबला की तहसीलच्या टेबलावर अक्षरे दिसत नाहीत. तिथून ‘अस्पष्ट’ शेरा मारून अर्ज परत येतो. स्कॅन करून १५० डीपीआयला ठेवला तर बहुतेक वेळा मापात बसतो.

काय काय जोडायचे:

- मुलाचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. अजून शिकत असेल तर बोनाफाईड
- पालकांचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा: रेशनकार्ड, वीजबिल, घरफाळ्याची पावती, सात-बारा यांपैकी
- राज्यातल्या सलग वास्तव्याचा पुरावा. मुलांसाठी सर्वांत सोपा म्हणजे पहिलीपासूनच्या शाळांचे दाखले
- स्वयंघोषणापत्र आणि फोटो

वास्तव्याच्या पुराव्यात खंड पडला की अर्ज अडतो. तिसरी ते पाचवी मूल वडिलांच्या नोकरीमुळे गोव्यात असेल, तर ती वर्षे लपवू नका. त्या काळातले घरपट्टी, रेशनकार्ड, आजी-आजोबांच्या घराचे कागद जोडून कुटुंब इथलेच असल्याचे दाखवा आणि तहसील कार्यालयात जाऊन समक्ष सांगा. ऑनलाइन अर्जाला बोलता येत नाही.

अर्ज लिपिकाकडून नायब तहसीलदाराकडे आणि मग तहसीलदाराकडे असा टेबलाटेबलाने जातो. सेवा हमी कायद्याखाली मुदत १५ दिवसांची आहे. मुदत उलटली तर त्याच संकेतस्थळावरून पहिले अपील करता येते, आणि ते केले की बऱ्याचदा फाईल हलते. पण जूनमध्ये हे सगळे कागदावरच राहते. दहावी-बारावीचे निकाल एकदम लागतात, सेतूबाहेर रांगा, सर्व्हर संथ. दाखल्याला मुदतसंपणी नाही, एकदा काढला की कायमचा. मग अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच काढून टाकावा.

हातात आल्यावर तिथेच उभे राहून वाचा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, जन्मतारीख तीच, वडिलांचे नाव पूर्ण. मराठीत सगळे बरोबर असते आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये गाडी घसरते. ‘पाटील’मध्ये दोन एल, ‘शिंदे’त शेवटी एकाऐवजी दोन ई, असल्या गोष्टींवर पडताळणीत शेरा बसतो. प्रतिज्ञापत्राने काम निभावता येते, पण मूळ कागद दुरुस्त असणे केव्हाही बरे.

जातीचे कागद: दिल्लीचे वेगळे, मुंबईचे वेगळे

राज्य कोट्यातले आरक्षण महाराष्ट्राच्या अधिवासी मुलांनाच. जातीचा दाखला महाराष्ट्राचा, सोबत जातवैधता, आणि ज्यांना लागू आहे त्यांना नॉन-क्रीमीलेअर. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. जुना दाखला लावून खुल्या वर्गात फेकली गेलेली मुले दर वर्षी दिसतात. जातवैधतेची फाईल समितीकडे बारावीच्या सुरुवातीलाच कॉलेजमार्फत टाका, कारण तिला महिने लागतात.

एमसीसीकडे हेच कागद चालत नाहीत. तिथे ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतले ओबीसी, आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यात. राज्यात एनटी-सी (भटक्या जमाती-क) असलेले धनगर मूल केंद्राकडे ओबीसी ठरते, फक्त वेगळा कागद काढावा लागतो. राज्यात २०२४ च्या कायद्याने एसईबीसीचे (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे) १० टक्के आरक्षण घेणारे मराठा मूल अखिल भारतीय कोट्यात खुल्या वर्गात जाते. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असेल तर त्याला केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढता येतो. राज्यात एसईबीसी आणि केंद्रात ईडब्ल्यूएस, हे ऐकायला विचित्र वाटते, पण बरोबर आहे.

गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या बाजूच्या मुलांनी ‘डोंगरी भाग’ हा रकानाही तपासावा. पालकांचा अधिवास आणि मुलाचे शिक्षण दोन्ही अधिसूचित डोंगरी क्षेत्रातले असावे लागते. दहावीसाठी मूल कोल्हापुरात आणले असेल, तर बहुधा इथेच विषय संपतो.

अर्ज भरताना

१. नीटच्या अर्जात पात्रतेचे राज्य विचारतात. महाराष्ट्राच्या कोट्यात बसत असाल तर महाराष्ट्र लिहा. नुसते लिहिल्याने पात्रता मिळत नाही. कागद सीईटी कक्षच तपासतो.

२. निकालानंतर दोन नोंदण्या करायच्या, एमसीसी आणि सीईटी कक्ष. एक केली म्हणून दुसरी होत नाही. एमसीसीला अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या वर्गाला १,००० रुपये शुल्क आणि १०,००० अनामत, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना ५०० आणि ५,०००. अभिमत विद्यापीठांसाठी ५,००० शुल्क आणि २ लाख अनामत. अनामत ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत येते, म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या खात्यातून भरू नका.

३. सीईटी कक्षाकडे मूळ कागद रंगीत स्कॅन करून चढवा. डोमिसाईल किंवा दहावीचा कागद कमी पडला तर अर्ज महाराष्ट्राबाहेरचा धरला जातो आणि फक्त संस्थात्मक कोटा उरतो. तात्पुरती यादी लागली की पहिल्या दिवशी आपला वर्ग बघा. हरकतीची खिडकी फार थोडी उघडी असते.

४. एमसीसीच्या पहिल्या फेरीतली जागा न घेता सोडली तर अनामत जात नाही. दुसऱ्या फेरीपासून जागा लागूनही रुजू झाला नाहीत तर ती जप्त. राज्याच्या फेरीत प्रवेश घेऊन ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरला की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. मिरज मिळाले आणि कोल्हापूर हवे असेल, तर तो अर्ज घाईत भरू नका. कॉलेजचा कारकून पुढे सरकवेल त्या प्रत्येक कागदावर सही करायची सवय इथे महागात पडते.

राज्याबाहेर बघायचे असेल तर

बहुतेक राज्ये आपल्या ८५ टक्क्यांचे दार असेच बंद ठेवतात. तेलंगणाने नववी ते बारावी सलग ४ वर्षे तिथेच शिकण्याची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २०२५ मध्ये कायम ठेवली. बाहेरच्यांना खुल्या असतात त्या खासगी कॉलेजांतल्या काही जागा. कर्नाटकात केईएमार्फत त्यांवर अर्ज करता येतो. बेळगावचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज अभिमत असल्याने तिथे एमसीसीतून जाता येते, कोल्हापूरचा पत्ता आड येत नाही. फीचा हिशेब करताना एक गोष्ट धरा: महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांनाही अधिवास लागतो.

आणि पुढच्या एमडी-एमएसचा विचार आत्ताच असेल तर हेही माहीत असू द्या. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरचे रहिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरवले. संस्थेवर आधारलेले प्राधान्य तेवढे ठेवता येते. एमबीबीएसला मात्र हा निकाल हात लावत नाही. तिथे अजूनही तहसीलदाराचा तो कागद आणि दहावी-बारावीच्या दोन गुणपत्रिकाच बघितल्या जातात.